दुसरी ये, पण तूच ये

आमच्यापैकी कुणाचा गोळा अचानक लांब गेला की बाईंचा चेहरा उतरायचा. दुसऱ्या शाळांचे सर अशा वेळी टाळ्या वाजवायचे, पाठ थोपटायचे. आमच्या बाई टेप गुंडाळता गुंडाळता थांबायच्या, त्या मुलीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायच्या आणि विचारायच्या, "काय खाल्लंस आज?"

"पोहे, बाई."

"आणि?"

"चहा."

"कुणी काही दिलं? गोळी, पावडर, सरबत?"

"नाही, बाई."

"शपथ घे."

मग तिला पुन्हा पुन्हा गोळा टाकायला लावायच्या. तो मघाइतका लांब गेला नाही की बाईंचा जीव भांड्यात पडायचा. "मघाशी वारा असेल," असं म्हणायच्या. लोखंडी गोळ्याला कसला आलाय वारा! पण आम्ही हसायचो नाही. बाईंच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी भीती असायची ती बघून हसू यायचंच नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही परळहून वसईला राहायला आलो. वडील रोज मुंबईला कामाला जायचे, आणि मला इथल्या शाळेत नववीत घातलं. मी अंगानं थोराड. आईला त्याचीच काळजी. ती मला सारखी खांदे पाडून चालायला सांगायची. एकदा शाळेत पाण्याचं भरलेलं पिंप हलवायचं होतं. शिपाईमामा जोडीला माणूस शोधायला गेले तेवढ्यात मी ते एकटीनं भिंतीपर्यंत सरकवलं. व्हरांड्यात पीटीच्या बाई उभ्या होत्या.

"कुठली गं तू?"

"परळची."

"परळवाली, उद्या संध्याकाळी उमेळ्याला ये. खांदे वर करून ये."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी परळवालीच राहिले.

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. वसईजवळच्या उमेळे गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. भावाच्या घराला लागून त्यांची वेगळी खोली होती, मागे केळी आणि नारळाची वाडी, आणि वाडीपलीकडे एक पडीक शेत. तेच आमचं मैदान. तिथे चुन्यानं आखलेलं वर्तुळ होतं आणि समोरच्या जमिनीवर आमच्या गोळ्यांनी पाडलेले खळगे. पावसाळ्यात त्यांत पाणी साचायचं आणि बाईंच्या कोंबड्या तिथे पाणी प्यायला यायच्या.

त्या कोंबड्यांची नावं सेक्रेटरी, खजिनदार आणि सिलेक्टर. बाईंचा ज्या ज्या माणसावर राग होता त्याचं पद त्यांनी एकेका कोंबडीला दिलं होतं. "आज सेक्रेटरीनं काही दिलं नाही, खजिनदारावर भागवा," असं म्हणत त्या आम्हाला उकडलेली अंडी वाटायच्या. जी अंडी खात नसे तिला भिजवलेले शेंगदाणे. कोंबड्यांशी आणि भावाशी त्या घरच्या बोलीत बोलायच्या, त्यातलं निम्मं आम्हाला कळायचं नाही. आमच्याशी मात्र शाळेतली शुद्ध मराठी.

त्यांचा आवाज पुरुषी होता. पाठमोरं ऐकलं तर गावातला कुणी काका बोलतोय असं वाटावं इतका. आणि गळ्याभोवती, हनुवटी झाकेल असा, कायम एक सुती स्कार्फ. मे महिन्याच्या घामातसुद्धा तो उतरायचा नाही. शाळेतली मुलं त्यांना मागून 'दादा' म्हणायची. बाईंना ते ऐकू जायचं, कारण तेव्हा त्यांची मान थोडी ताठ व्हायची. बाकी काही नाही. आम्ही मुली समजून होतो की देवानं घडवतानाच बाईंना असं घडवलंय.

औषधांची त्यांना दहशत होती. डोकेदुखीची गोळीसुद्धा त्यांना दाखवल्याशिवाय घ्यायची नाही. एका मुलीच्या काकांनी दुबईहून ताकदीच्या पावडरचा डबा आणला तर बाईंनी तो चुलीत रिकामा केला आणि त्या काकांना चहा पाजून वाटेला लावलं. स्पर्धेच्या ठिकाणी आमच्या पाण्याच्या बाटल्या त्या स्वतःच्या पिशवीत ठेवायच्या, आणि झाकण उघडून आधी वास घ्यायच्या. इतर संघांच्या मुली तोंडाला रुमाल लावून हसायच्या. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण सगळ्यात विचित्र म्हणजे सोमवार. सोमवारी सरावाआधी बाई वडाच्या पारावर डोळे मिटून बसायच्या आणि आम्ही एकेकीनं त्यांच्यासमोर गायचं. प्रत्येकीचं गाणं ठरलेलं, तेच तेच. कुणी आरती म्हणायची, कुणी चर्चमधलं भजन, कुणी शाळेतली प्रार्थना. मी पक्की बेसूर, म्हणून मला तेराचा पाढा दिला होता. बाई ऐकायच्या, मान हलवायच्या, म्हणायच्या, "ठीक. पुढची." गाणं चांगलं झालं की वाईट, यावर कधी एक शब्द नाही. गोळाफेकीच्या मुलींनी गायचं कशाला, हे विचारायची आमची हिंमत नव्हती. आई म्हणायची, "एकटी राहणारी बाई, डोक्यावर परिणाम झाला असेल."

एका डिसेंबरात मला सर्दी झाली. सोमवारी पाढा म्हणायला उभी राहिले आणि घशातून घोगरा आवाज निघाला. तेरा दुणे सव्वीसलाच बाईंनी डोळे उघडले. पारावरून उठून त्या माझ्यापाशी आल्या आणि दोन्ही हातांनी माझे खांदे धरले.

"कुणी दिलं?"

"काय, बाई?"

"खरं सांग मला. मी कुणाला सांगणार नाही. कुणी दिलं आणि किती दिवस घेतेस?"

मला काही कळेना, मी रडायलाच लागले. "सर्दी झालीय, बाई. घरी सगळ्यांनाच झालीय." त्यांचा विश्वास बसला नाही. तशाच माझ्याबरोबर चालत आमच्या घरी आल्या. आईनं दार उघडलं तेव्हा तिचंही नाक वाहत होतं. ते बघून बाई दारातच खाली बसल्या आणि "बरं झालं, बरं झालं," म्हणायला लागल्या. आई थक्क. माझा आवाज मोकळा होईपर्यंत बाई रोज संध्याकाळी आल्याचा काढा घेऊन यायच्या, मला पाढा म्हणायला लावायच्या आणि परत जायच्या. आई कपाळावर हात मारायची. "उद्यापासून त्या मैदानावर जायचं नाही," असंही एकदा म्हणाली. पण मी गेले. का गेले? बाई आम्हाला एक वाक्य नेहमी सांगायच्या, "दुसरी ये, पण तूच ये." मला ते फार आवडायचं. माझा नंबर बहुतेक वेळा दुसराच यायचा, हेही कारण असेल.

पहिली यायची ती वंदना.

वंदना विरारला मनवेलपाड्यात राहायची. माझ्याहून उंच, हात लांब, आणि वर्तुळात उभी राहिली की आजूबाजूचं जग विसरणारी. तिच्या वडिलांची कंपनी बंद पडायच्या बेतात होती. घरात ठरलं होतं की वंदनानं राज्य स्पर्धेत पहिली यायचं, मग खेळाच्या कोट्यातून सरकारी नोकरी, मग धाकट्या भावंडांची शिक्षणं. हे ती आम्हाला सहज सांगायची, जसं आपण उद्याची भाजी सांगतो. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती उलट्या करायची. एकदा तिचा पहिला नंबर हुकला. घरी गेल्यावर वडिलांनी काही म्हटलं नाही, नुसता टीव्ही बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. "मारलं असतं तर बरं झालं असतं गं," ती मला म्हणाली होती.

आम्ही बारावीत असताना, राज्य स्पर्धेच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर वंदनाचा गोळा एकदम लांब पडायला लागला. एखाद्या वेळचं नाही, रोज. खांदे रुंदावले. चेहऱ्यावर, पाठीवर पुटकुळ्या आल्या. ती चिडचिडी झाली. एकदा माझ्याकडून टेप नीट धरला गेला नाही म्हणून तिनं मला ढकललं. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मामा जिमला नेतो. वजनं उचलते." बाईंनी शपथ घ्यायला लावली, ती तिनं घेतली. त्यानंतरच्या सोमवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. मंगळवारी यायची, गोळा टाकायची आणि जायची.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनीच डाव टाकला. बुधवारी आम्ही जमलो असताना त्या पारावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आज सोमवार."

वंदना हसली. "बाई, आज बुधवार आहे."

"मी म्हणते तो सोमवार. गा."

वंदनाचं गाणं म्हणजे गणपतीची आरती. आम्ही सगळ्यांत तिच्याच गाण्याची वाट बघायचो, इतका तिचा गळा गोड. तिनं सुरुवात केली. वरचा सूर लागायच्या जागी आवाज फाटला आणि खाली घसरला. तिनं खाकरून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. मी दचकून बाईंकडे बघितलं. बाईंचे डोळे मिटलेलेच होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

वंदना पिशवी उचलून निघून गेली.

त्यानंतर आठवडाभर बाई शाळेत आल्या नाहीत. मैदानावरही नाहीत. खोलीचं दार बंद. भावजय म्हणाली, "बरं नाही तिला." मग एका रविवारी भर दुपारी बाई आमच्या दारात उभ्या. स्कार्फ नाकापर्यंत गुंडाळलेला.

"परळवाली, वंदनाचं घर तुला माहीत आहे. चल."

विरारला उतरून मनवेलपाड्यापर्यंत आम्ही चालत गेलो. वाटभर मीच काहीबाही बडबडत होते. वंदनाची चाळ आली. गॅलरीत बायका निवडणं-टिपणं करत बसल्या होत्या, पोरं क्रिकेट खेळत होती. दार उघडंच होतं. आत वंदना, तिचे आईवडील आणि मामा. मामा तरुण, दंडावर घट्ट बसणाऱ्या टी-शर्टातला. बाईंना बघून वंदना भिंतीला चिकटली.

बाईंनी बसायच्या आधीच विचारलं, "काय देता तिला? इंजेक्शन की गोळ्या?"

वडील मामाकडे बघायला लागले. मामा हसला. "बाई, व्हिटॅमिन आहेत. सगळे घेतात. पुढच्या लेव्हलला सगळ्या मुली घेतात, आपणच काय पाप केलंय?"

"मी पण घेतली होती," बाई म्हणाल्या.

बाई खुर्चीवर बसल्या आणि सावकाश सांगायला लागल्या. एकोणिसाव्या वर्षी त्या मोठ्या सराव शिबिराला गेल्या होत्या. तिथल्या प्रशिक्षकानं ताकदीचं म्हणून इंजेक्शन दिलं. काय आहे हे त्यानं सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. शिबिरात मोठ्या माणसाला विचारायची पद्धत नव्हती. वर्षभरात पदक मिळालं, पेपरात फोटो आला.

"नाताळला घरी आले," बाई म्हणाल्या. "दारातून आईला हाक मारली. आई आत स्वयंपाकघरात होती. तिनं आतून विचारलं, 'कोण आलाय?' आलीय नाही, आलाय. पोटच्या पोरीचा आवाज तिला ओळखू आला नाही."

वंदनाची आई तोवर स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी होती. ती पुढे आली.

मामा म्हणाला, "तेव्हाची औषधं जुनी होती, बाई. आता बाहेरून चांगला माल येतो."

वडिलांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. ते आवाज न चढवता बोलले, म्हणून जास्त लागलं. "बाई, तुम्हाला पदक मिळालं. त्या पदकावर शाळेत नोकरी मिळाली. खरं की खोटं?"

"खरं."

"जन्मभर स्वतःच्या पायावर उभ्या राहिलात. खरं?"

"खरं."

"मग आमच्या पोरीनं काय घोडं मारलंय?"

मला वाटलं, आता बाई काहीतरी जोरदार बोलतील. त्याऐवजी हात मागे नेऊन त्यांनी स्कार्फची गाठ सोडली.

हनुवटीवर, गालांवर, गळ्यापर्यंत आठवड्याची दाढी वाढलेली होती. काळी-पांढरी, राठ, पुरुषासारखी. त्या रोज पहाटे ती करत असणार आणि या आठवड्यात त्यांनी ती मुद्दाम ठेवली होती. गॅलरीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाहेरचं एक पोर फिस्सकन हसलं आणि कुणीतरी त्याला चापट मारली.

"नोकरीबरोबर हेही मिळतं," बाई म्हणाल्या. "माझं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. पाळी गेली ती कायमची गेली. मला कुणी सांगितलं नव्हतं हो. तुम्हाला सांगायला आलेय."

वडिलांनी मान वळवली. मामा म्हणाला, "हा काय तमाशा आहे?" वंदना गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तेव्हा तिची आई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि दोन पुरुष, दारातल्या शेजारणी, कुणाकुणाची पर्वा न करता तिनं विचारलं, "वंदे, तुझी पाळी शेवटची कधी आली?"

वंदनानं डोकं आणखी खाली घातलं.

"कधी आली?"

वंदनानं नुसती नकारार्थी मान हलवली. आई उठली. कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीमागून तिनं एक खोका काढला आणि तो बाईंच्या मांडीवर ठेवला. "घेऊन जा हे," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही आता काही बोलायचं नाही."

परत येताना बाईंनी स्कार्फ बांधला नाही. तो हातात धरून चालत राहिल्या. रस्त्यातली माणसं वळून बघत होती आणि मी त्यांच्या शेजारून चालताना, का कोण जाणे, खांदे वर करून चालत होते. उमेळ्याला पोचल्यावर म्हणाल्या, "आता आवाज परत येईल की नाही, ते मला नाही सांगता येणार गं." एवढंच.

या सगळ्याचं फळ काय? ती गोष्ट विरारहून वसईला दोन दिवसांत पोचली. पण पोचली ती अशी, की पीटीच्या बाई म्हणजे बाई नाहीतच. पालक शाळेत आले. एकेका मुलीचं मैदानावर येणं बंद झालं. शाळेनं बाईंना काढलं नाही, पण मुलींच्या पीटीसाठी नवीन शिक्षिका आणली आणि बाईंना ग्रंथालयात बसवलं. जिच्यामुळे हे झालं ती वंदना औषधाशिवाय राज्य स्पर्धेला गेली आणि कुठल्याच नंबरात आली नाही. मी गेले होते, मी पाचवी आले. कोट्यातली नोकरी राहूनच गेली. वडिलांची कंपनी बंद पडलीच. वंदनानं गोळा टाकणं सोडलं आणि वसई पूर्वेला एका पॅकिंगच्या कारखान्यात लागली. पाळी सुरू झाली, पुटकुळ्या गेल्या, आवाज मात्र पूर्वीचा झाला नाही. फोनवर लोक तिला 'सर' म्हणतात.

ती बाईंना परत भेटली नाही. एकदा मी विषय काढला तर म्हणाली, "त्यांनी चाळीसमोर माझं सगळं उघडं केलं. नंतर तिथे मला राहायचं होतं, त्यांना नाही."



मैदानावर शेवटी मी आणि जूचंद्रची एक मुलगी अशा दोघीच उरलो. तरी बाई चुन्यानं वर्तुळ आखायच्या, अंडी उकडायच्या. सराव संपला की वाडीच्या फाटकापाशी जाऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहायच्या. कुणाची वाट बघता, असं मी विचारलं नाही. मी कॉलेज संपवून नोकरीला लागले, लग्न होऊन ठाण्याला गेले, पण सणावाराला आले की त्यांच्याकडे जायचेच. प्रत्येक वेळी त्यांचा पहिला प्रश्न, "वंदना काय करते?" मी सांगायचे. त्या नीट ऐकायच्या. मग दुसरा प्रश्न, "तब्येत बरी आहे ना?" लग्न, मूल, संसार यांतलं त्या काही विचारायच्या नाहीत. तब्येत तेवढी विचारायच्या.

दोन हजार सालानंतर ते पडीक शेत गेलं, तिथे इमारतीचा पाया खोदला. कोंबड्याही गेल्या. बाईंना पोटाचं दुखणं लागलं आणि ते वाढतच गेलं. एका पावसाळ्याच्या अखेरीला त्यांच्या भावाचा फोन आला.

मी पोचले तेव्हा अंगणात गावातली माणसं जमली होती. खोलीत शवपेटी ठेवली होती. बाईंचा चेहरा स्वच्छ होता, गळा उघडा होता. भावजयीनं त्या दिवशी सकाळी स्वतःच्या हातानं दाढी केली होती. ती मला म्हणाली, "तिनं सांगून ठेवलं होतं."

फादर आले, प्रार्थना झाली, पेटी उचलायची वेळ झाली. बाईंचे भाऊ आता म्हातारे, भाचे दोघे, शेजारचे दोघं-तिघं. बाई आजारात खंगल्या होत्या तरी हाड दांडगंच, आणि पेटीही जड लाकडाची. उंबऱ्यावर एका बाजूला पेटी कलली. "अरे धरा, धरा," असा गलका झाला.

तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी गर्दी बाजूला सारत पुढे आलं. वंदना. कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच आली होती. तिला कुणी कळवलं, मला माहीत नाही. मी कळवलं नव्हतं, मला धीर झाला नव्हता.

"सरका जरा," ती एका भाच्याला म्हणाली.

"ताई, बायका नाही उचलत," तो म्हणाला.

"मी उचलते."

तो बाजूला झाला. तिनं पाय रोवले, गुडघ्यात वाकली आणि कललेली बाजू एका दमात खांद्यावर घेतली. पेटी सरळ झाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच पलीकडच्या बाजूकडे खूण केली. मी पुढे झाले आणि तिच्या समोरचा खांदा दिला. फादर पुढे चालायला लागले.

चर्चपर्यंतचा रस्ता चिखलाचा. वंदनाचा श्वास मला पेटीच्या पलीकडून ऐकू येत होता. बरंच अंतर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मी काही माफबिफ केलेलं नाहीये हं."

"माहितीये," मी म्हटलं.

मागून बाईंच्या भावानं विचारलं, "पोरींनो, दमलात तर खांदा बदलू."

"नको," वंदना म्हणाली.